दोन मणके आणि एक नांव

कर्जत स्टेशनावर गाडी थांबली, कीं आपल्यापैकीं पुष्कळांचें लक्ष बटाटेवड्याकडे जातें. त्याच खिडकींतून दिसणारा घाटाचा काळा पाषाण मात्र कोणी फारसा पाहत नाहीं. कर्जत-खालापुराकडील हे डोंगर सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूगर्भांतून आलेल्या लाव्हारसाचे थर आहेत. त्या उद्रेकाच्या आरंभीं या देशांत डायनोसॉर नांदत होते. पण धगधगत्या रसांत हाडें टिकणार कशीं? तीं पाहावयाचीं, तर हे थर पूर्वेकडे जेथें संपत येतात, त्या चंद्रपूर जिल्ह्यांत गेलें पाहिजे. तेथें पिसदुरा व डोंगरगांव येथें लाव्हाखालची जुनी माती उघडी पडली आहे.

लांब मानेचे हे शाकाहारी प्राणी आपल्याकडे किती जातींचे होते? १८७७ सालीं रिचर्ड लायडेकर यांनीं मुख्यतः जबलपूरच्या शेपटीच्या दोन मणक्यांवरून 'टायटॅनोसॉरस इंडिकस' हें नांव दिलें. दोन वर्षांनीं पिसदुऱ्याच्या मणक्यांवरून 'ब्लॅनफोर्डी' ही दुसरी जात सांगितली. मणक्याची एक बाजू खोलगट व दुसरी फुगीर, हें त्यांस विशेष वाटलें. पुढें दक्षिण अमेरिकेंत व अन्यत्र तसलेच मणके निघूं लागले. नाकावरून माणूस ओळखावा, आणि साऱ्या गांवाचें नाक तसेंच निघावें, त्यांतलाच हा प्रकार! एकाचें लक्षण सबंध कुळाचें ठरलें, आणि २००३ सालीं विल्सन व अपचर्च यांनीं दोन्ही नांवें निरुपयोगी ठरविलीं. लायडेकर यांस मी दोष देत नाहीं. हातीं दोन मणके असतां दुसऱ्या कोणी निराळें काय केलें असतें?

डोंगरगांवच्या प्राण्याची गोष्ट वेगळी. त्याची मान, पाठ, कंबर, शेपूट व पुढचा पाय असा पुष्कळ भाग मिळाला. जैन व बंदोपाध्याय यांनीं १९९७ सालीं त्याचें वर्णन केलें. कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून आज तो 'इसिसॉरस' म्हणविला जातो. जबलपूरचा 'जैनोसॉरस' धरून बहुतेक अभ्यासकांस मान्य अशीं नांवें दोनच उरतात.

मात्र जातीहि दोनच होत्या, असें म्हणणें घाईचें होईल. नर्मदेच्या खोऱ्यांत, धार जिल्ह्यांत, ९२ घरटीं व २५६ अंडीं तपासून २०२३ सालीं अंड्यांचे सहा प्रकार नोंदले गेले. अंड्याचा धनी कोण, हें आंत पिलाचीं हाडें सांपडल्याखेरीज ठरत नाहीं; एकाच जातीच्या अंड्यांतहि थोडाफार फरक पडतोच. तरीहि सहाच्या सहा प्रकार त्या दोघांचेच असतील, यावर माझा विश्वास बसत नाहीं.