हक्कसोड आणि भाऊबीज

(मंडळाच्या वर्धापनदिनी सिरसाळा येथे केलेले भाषण)



वर्धापनदिनी काहीतरी गोड बोलावे अशी रीत आहे. चिटणीसबाईंनी मला ‘धर्म आणि नीती’ हा विषय दिला, तेव्हा त्यांच्या मनात श्रावणातल्या कहाण्या असाव्यात. मी मात्र आज एका कागदाविषयी बोलणार आहे. तो कागद इथे बसलेल्या बहुतेक जणींच्या घरी आहे. काहींनी त्यावर स्वतः सही केली आहे, काहींनी दुसरीची घेतली आहे, आणि माझ्यासारख्यांनी दोन्ही केले आहे. तो कागद म्हणजे हक्कसोडपत्र.

माझे सासरे गेले त्याला बरीच वर्षे झाली. जमीन सहा एकर, त्यातली निम्मी कोरडवाहू. दिवस कार्य आटोपल्यावर नणंदबाईंना कचेरीत नेले. आदल्या रात्री मीच त्यांच्याजवळ बसले होते. मी म्हणाले, “ताई, जमिनीचा तुकडा काय घेऊन बसायचे? माहेरचा उंबरा मोठा. भावाकडे हिस्सा मागणाऱ्या बहिणीला भाऊबीजेचे ताट कोण लावतो?” त्या रडल्या, मीही रडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सही केली. मी त्यांना चांगली पैठणी नेसवली. त्या रात्री मला शांत झोप लागली, कारण आपण घर जोडून ठेवले असे मला अगदी मनापासून वाटत होते.

पुढे दोन वर्षांनी माझे वडील वारले आणि माझा भाऊ तसाच कागद घेऊन आला. माझी भावजय माझ्याजवळ बसली आणि जवळजवळ त्याच शब्दांत बोलली. आता गंमत पाहा. तेच शब्द मला लबाडीचे वाटले! मनात आले, हिला माझ्या बापाच्या जमिनीची हाव सुटली आहे. सही केली खरी, पण परतीच्या एस. टी. त परळीपासून सिरसाळ्यापर्यंत मी एका प्रश्नाशी झगडत होते. भावजय लबाड असेल, तर दोन वर्षांपूर्वी मी कोण होते?

मी लबाड नव्हते, भगिनींनो, आणि तीही नसेल. माणूस आपल्या फायद्याची गोष्ट ‘फायद्याची’ म्हणून फार वेळ मनात बाळगू शकत नाही, त्याची त्यालाच लाज वाटते. मग तो तिला धर्माचे लुगडे नेसवतो आणि स्वतःच तिच्या पाया पडू लागतो. एकट्याने हे केले तर शेजारी हसतील. पण सगळ्या भावकीचा फायदा एकच असला, की हसायला कोणी उरत नाही. त्यालाच आपण रीत म्हणतो.

कायदा काय सांगतो ते थोडक्यात सांगते. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलाइतका वाटा दिला, पण वडिलोपार्जित मिळकतीत ती जन्माने हिस्सेदार झाली नाही. महाराष्ट्राने 1994 साली तो हक्क दिला, परंतु त्याआधी लग्न झालेल्यांना वगळले. 9 सप्टेंबर 2005 पासून साऱ्या देशात लेक मुलासारखीच हिस्सेदार झाली, लग्न झालेले असो वा नसो. वडील 2005 साली हयात नसले तरी बाध येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केले. म्हणजे कायदा आता आपल्या बाजूस आहे. त्याच्या वाटेवर भाऊबीज तेवढी उभी आहे.

कायदा होण्यापूर्वी हिंदू कोड बिलावर केवढे काहूर उठले होते! धर्म बुडेल, एकत्र कुटुंब मोडेल, असे मोठमोठे विद्वान म्हणत होते. बिल रखडले आणि 1951 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याच्या कारणांत हे एक प्रमुख होते. त्या विद्वानांत बहिणींचा वाटा ज्यांना द्यावा लागला असता असे किती होते, हे कोणी मोजल्याचे मला माहीत नाही. मोजायला हवे होते.

याहून भयंकर दाखला भारतरत्न पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात दिला आहे. आपल्याकडे मिताक्षरा चाले. ती विज्ञानेश्वराने कल्याणीस लिहिली, म्हणजे आजच्या बसवकल्याणात. तो मुलूखही आपल्या बीडसारखाच पुढे निजामाच्या राज्यात होता. मिताक्षरेप्रमाणे एकत्र कुटुंबातल्या निपुत्रिक विधवेला फक्त पोटगी. बंगालात दायभाग चाले, आणि तिथे तिला नवऱ्याचा हिस्सा हयातीपुरता मिळे. सतीची चाल बंगालात जास्त का, याचा विचार करताना काणे या हक्काकडे बोट दाखवतात. वाटेकरीण नाहीशी व्हावी म्हणून ऐन दुःखाच्या घडीला तिच्या पतिभक्तीला साद घालण्याचा मोह घरच्यांना होत असावा, असे त्यांचे म्हणणे. ज्या घरात तिचा हिस्सा, त्याच घरात तिच्या पातिव्रत्याचा गजर! 1829 साली ती चाल कायद्याने बंद झाली.

इतके लांब कशाला जा? आपल्या जिल्ह्यातून दरसाल कोयते बाहेर पडतात. घरी असताना पाळीच्या दिवसांत बाईने देवाला शिवायचे नाही, लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही. पण उसाच्या फडात तिला कोणी म्हणते का, “बाई, चार दिवस बाजूला बस”? तिथे मोळी शिवलेली चालते, कारण उचल फिटायची असते, आणि खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. विटाळ फडात शिरत नाही. 2019 साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पाळीच नको, खाडाच नको! यावर कोणत्याही कीर्तनात धर्म बुडाल्याची हाकाटी मी ऐकली नाही.

कोणी म्हणेल, “बाई, बहिणीही खुशीने सही करतात.” करतात, आणि मीही केली. पण त्या खुशीत भीती किती होती ते मला ठाऊक आहे. उद्या सासरी काही बिनसले तर परतायला एवढेच दार आहे, ते कशाला लोटून घ्या? भावाचा स्वार्थ जमिनीचा आणि बहिणीचा दाराचा. दोघेही त्याला माया म्हणतात, आणि मायाही त्यात असतेच. म्हणून तर हे सोडवणे कठीण. “तिला लग्नात दिले” हेही ऐकू येते. दिले ते तिच्या सासऱ्याला, आणि हुंडा तर 1961 पासून गुन्हाच आहे. असो.

या पंचमीला नणंदबाई येणार आहेत. त्यांचे दोन एकर बक्षीसपत्राने परत करावेत असे मी घरी बोलले आहे. जमीन मालकांच्या नावे आहे, तेव्हा सही त्यांचीच लागणार, आणि ते चार दिवस माझ्याशी धड बोललेले नाहीत. लेक माझ्या बाजूने भांडते, पण उद्या तिचाही हिस्सा यात आहे, हे मी विसरत नाही. सातबाराचा उतारा मी काढून आणला आहे आणि पुरणाच्या डाळीच्या डब्याशेजारी ठेवला आहे. मुलगा काल विचारत होता, “आई, तुला हे आताच कसे सुचले?” त्याला मी अजून उत्तर दिलेले नाही.