थर्मामीटर, थायरॉइड आणि मी

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, रूळ सांभाळणारा साधा इंजिनिअर आहे. मग हा विषय का घेतला? कारण मी एक चूक केली, आणि ती चूक आपल्या घराघरांत कोणीही करू शकतो.

२०२२ च्या नोव्हेंबरात मला फार थंडी वाजू लागली. लाइनवर चार किलोमीटर चाललो की पाय शिशाचे व्हायचे. वजन वाढले, आवाज जड झाला. मी म्हणालो, चाळिशी उलटली, चालायचेच. सौ. म्हणाली, "तपासून घ्या." तपासले तर टीएसएच १८! साधारणपणे तो ०.४ ते ४ च्या आसपास असावा लागतो. डॉक्टरांनी थायरॉक्सिनची ५० मायक्रोग्रॅमची गोळी दिली. थायरॉइड म्हणजे बायकांचे दुखणे, असा आपला समज असतो. बायकांमध्ये ते अधिक आढळते हे खरे, पण पुरुषांना सूट नाही.

गोळी मी रोज सकाळी चहाबरोबर घेत होतो. जानेवारीत टीएसएच ११. डॉक्टरांनी डोस ७५ केला आणि दोन महिन्यांनी या म्हणाले. पण मला कुठला धीर! कुठेतरी वाचले की सकाळी उठण्यापूर्वी काखेतले तापमान ९७.८ अंश फॅरेनहाइटच्या खाली असेल तर थायरॉइड कमी आहे असे समजावे. ही कल्पना अमेरिकेतल्या ब्रोडा बार्न्स या डॉक्टरांची. १९४२ साली त्यांनी ती मांडली. तेव्हा टीएसएच मोजण्याची सोयच नव्हती, म्हणून हाती थर्मामीटर होता तो त्यांनी वापरला.

आम्हा रूळवाल्यांना तापमानाची नोंद म्हणजे रोजची संध्या. लगेच वही केली, रकाने आखले. जानेवारीतली बनारसची थंडी, घाटावरचे जुने घर, गल्लीत ऊन उतरत नाही. वहीत रोज ९६.५, ९६.८. मी ठरवले, डोस कमी पडतो आहे. फेब्रुवारीत स्वतःच्या मनाने १००, मार्चमध्ये १२५. मार्च संपता संपता वहीत ९७.८ आले. मला वाटले, जिंकलो!

पण त्याच आठवड्यात छाती धडधडू लागली. हात थरथरायचे, रात्री झोप नाही. एक दिवस ट्रॉलीवर तपासणीला निघालो असताना नाडी इतकी पळू लागली की मधेच ट्रॉली उतरवून गँगहटमध्ये बसावे लागले. ट्रॅकमन पाणी घेऊन धावला. त्या बाकावर बसून पहिल्यांदा घाबरलो. मुलीची बारावी होती त्या वर्षी.

तपासणीत टीएसएच ०.०५. डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो सुदैवाने ठीक निघाला. मग त्यांनी माझी वही शांतपणे चाळली आणि विचारले, "रुळाचे तापमान कसे घेता?"

मी सांगितले, थर्मामीटर रुळाच्या सावलीतल्या बाजूला चुंबकाने चिकटवायचा, काटा स्थिर होईपर्यंत थांबायचे.

"आणि रूळ तापला म्हणून कोणी खडी बदलतो का?"

मी गप्प. तापमान हे लक्षण, कारण नव्हे, हे मला माझ्याच कामातून कळायला हवे होते. शरीराचे तापमान पहाटे कमी आणि संध्याकाळी जास्त असते. खोली गार असेल, झोप झाली नसेल तर फरक पडतो. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा कमीच येतो. बायकांमध्ये पाळीच्या चक्रानुसारही ते वरखाली होते. या सगळ्यात थायरॉइडचा वाटा किती, हे थर्मामीटर सांगू शकत नाही. माझ्या वहीतला आकडा वाढला त्यात गोळीइतकाच, किंबहुना अधिक, वाटा मार्चच्या उन्हाचा असणार.

खरी गंमत पुढे आहे. उठण्यापूर्वी तापमान घ्यायचे म्हणून मी चहा उशिरा घेऊ लागलो होतो. गोळी आधी, तासाभराने चहा. त्यापूर्वी दुधाच्या चहाबरोबर गोळी नीट शोषलीच जात नव्हती! म्हणजे चहा सुटल्यामुळे औषध अधिक लागू पडू लागले, आणि वर मी डोसही वाढवत गेलो. दोन्ही बाजूंनी ओझे पडले.

डॉक्टरांनी डोस पुन्हा ७५ वर आणला. या औषधाचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण सात दिवस लागतात. डोस बदलला की रक्तातले प्रमाण स्थिरावायला पाच-सहा आठवडे लागतात. म्हणून तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी. रुळावर मशीन फिरल्यानंतर आपण लगेच पूर्ण वेग देतो का? खडी बसेपर्यंत वेगमर्यादा ठेवतोच ना! जूनमध्ये टीएसएच २.४ आला. पुढच्या जानेवारीत मुद्दाम पुन्हा तापमान घेतले: ९६.८. टीएसएच मात्र २.१. डोस तोच, तब्येत उत्तम. त्या दिवशी वही बंद केली.

मंडळी, थोडक्यात सांगतो. गोळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर; चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने. डोस स्वतः बदलू नका. नोंद ठेवायची तर नाडी, वजन, झोप यांची ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. छाती धडधडली तर थांबू नका. घरात सून-लेक गरोदर असेल आणि ही गोळी चालू असेल, तर दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना सांगा. त्या काळात बहुधा डोस वाढवावा लागतो.

थर्मामीटर अजून घरात आहे. नातवंडांच्या तापासाठी जपून ठेवला आहे, असे सौ. म्हणते. तोवर सकाळचा चहा मला तासभर उशिराच मिळतो.

हर हर महादेव! गणपती बाप्पा मोरया!