जुन्या गाडीचा टायमिंग बेल्ट आणि महिन्याचे दोनशे रुपये

(बेंगळुरू येथे खातेदारांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बचतीवरचे भाषण ऐकायला आलात आणि मी गाडीच्या पट्ट्याविषयी बोलणार आहे, याचे काहींना नवल वाटेल. पण आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे दहा-पंधरा वर्षांची जुनी गाडी आहे. नगरथपेटेत गलाईचे काम करणारी विटा-आटपाडीकडची मंडळी आहेत. कुणी दुकानाचा माल ने-आण करतो, कुणी गाडी भाड्याने चालवतो, कुणी वर्षातून दोनदा गावी जाण्यापुरती बाहेर काढतो. अशा गाडीतला हातभर रबरी पट्टा घरातली मुदत ठेव मोडायला लावू शकतो. माझी मोडली आहे, म्हणून सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी जुनी छोटी पेट्रोल गाडी घेतली होती. गणपतीला कोल्हापूरला निघालो. पहाटे बेंगळुरू सोडले, तुमकूर मागे पडले आणि सिऱ्याच्या अलीकडे चालत्या गाडीचे इंजिन एकदम बंद पडले. ना धूर, ना मोठा आवाज. मी चार-पाच वेळा चावी फिरवून पाहिली. गाडी ओढून गॅरेजला नेली. मेकॅनिकने कव्हर काढले आणि म्हणाला, "बेल्ट कट् आगिदे सार." बेल्ट तुटला होता. पण तेवढ्यावर भागले नाही. आतले वॉल्व्ह वाकले होते, इंजिनाचे हेड उतरवावे लागले. बिल झाले ३८ हजार. मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी ठेवलेली मुदत ठेव मुदतीआधी मोडली, व्याज कापले गेले आणि फी भरायला भावाकडून उसने घ्यावे लागले. वेळेवर बेल्ट बदलला असता तर आठ-नऊ हजारांत काम झाले असते, असे त्याच मेकॅनिकने सांगितले.

माझी चूक पैसे नसण्याची नव्हती. हा खर्च कधी येणार हे आधीच ठरलेले असते आणि मी ते कधी विचारलेच नाही, ही चूक होती.

हा पट्टा करतो काय?

इंजिनात खाली फिरणारा क्रँकशाफ्ट आणि वर वॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट यांना टायमिंग बेल्ट जोडून ठेवतो. क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा फिरला पाहिजे, हा मेळ बेल्टचे दाते राखतात. बेल्ट तुटला की वॉल्व्ह आहे तिथेच थांबतात, पण खालून पिस्टन वर येतच राहतो. अनेक इंजिनांत दोघांमध्ये एवढी जागा नसते. मग टक्कर होते आणि वॉल्व्ह वाकतात. काही इंजिनांत जागा असते, तिथे गाडी नुसती बंद पडते. आपले इंजिन कोणत्या प्रकारचे आहे हे मेकॅनिकला आजच विचारून घ्या. आणि चालत्या गाडीचे इंजिन असे बंद पडले तर माझ्यासारखी पुन्हा पुन्हा चावी फिरवू नका. त्याने नुकसान वाढू शकते.

सगळ्याच गाड्यांना बेल्ट नसतो. बऱ्याच गाड्यांत त्या जागी साखळी असते आणि ती सहसा ठरावीक मुदतीला बदलावी लागत नाही. पण जुनी सँट्रो, मारुती ८०० यांसारख्या आपल्या ओळखीच्या गाड्यांत बेल्टच आहे.

किलोमीटर कमी, वर्षे जास्त

बेल्ट किती किलोमीटरला किंवा किती वर्षांनी बदलायचा, हे कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते. दोन्हींपैकी जे आधी येईल ते धरायचे. मी किलोमीटर तेवढे पाहिले. मीटरवर ५२ हजार होते, म्हणून अजून वेळ आहे असे वाटले. गाडी मात्र ११ वर्षांची होती आणि बेल्ट पहिलाच होता. रबर वापराने झिजते तसे वयाने आणि उष्णतेनेही कडक होते.

बेंगळुरूत तर आणखी एक गोष्ट आहे. सिल्क बोर्डच्या चौकात अर्धा तास अडकलात तर मीटर जेमतेम पुढे सरकतो, पण इंजिन चालू असते आणि बेल्ट फिरतच असतो. म्हणून या शहरात नुसत्या मीटरवर विसंबू नका. जुनी गाडी घेताना बेल्ट बदलल्याचे बिल दाखवता आले नाही, तर तो बदललेलाच नाही असे समजा आणि ती रक्कम गाडीच्या किमतीत धरून मगच भाव ठरवा.

बेल्ट एकटा बदलू नका

बेल्टचा ताण धरणारा टेन्शनर, त्याच्या सोबतच्या पुलीचे बेअरिंग आणि क्रँक व कॅमचे ऑइल सील त्याच जागी असतात. अनेक गाड्यांत वॉटर पंपही याच बेल्टवर चालतो. बेल्टपर्यंत पोहोचायला इंजिनाची एक बाजू उघडावी लागते आणि मजुरीचा मोठा भाग त्या उघडण्याचाच असतो. आज नवा बेल्ट टाकला आणि सहा महिन्यांनी वॉटर पंप गळू लागला, तर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते. टेन्शनरचे बेअरिंग अडकले तर नवा बेल्टही जातो. सील गळून बेल्टवर तेल आले तरी तो लवकर खराब होतो. म्हणून सगळे भाग एकदमच तपासून घ्या, झिजलेले बदला आणि कूलंटही नवे भरा.

अंदाज दोन ठिकाणी घ्या. सुटे भाग जे. सी. रोडवरून स्वतः आणणार असाल तर वेष्टन, छापील किंमत आणि भागाचा क्रमांक पाहून घ्या आणि पक्के बिल मागा. काम झाल्यावर काढलेले जुने भाग परत मागा. बिलावर तारीख आणि मीटरचा आकडा लिहून घ्या. पुढे गाडी विकताना त्या बिलाला किंमत येते.

विमा देईल ना?

हा प्रश्न मला नेहमी विचारतात. उत्तर आहे, नाही. अपघात, चोरी, आग यांसाठी विमा असतो. झीज आणि यांत्रिक बिघाड यांची भरपाई गाडीच्या नेहमीच्या विम्यात मिळत नाही. इंजिनासाठी जादा हप्ता भरून घेतलेले संरक्षणही मुख्यतः पाणी शिरणे, तेल गळणे अशा कारणांसाठी असते. वेळेवर न बदललेल्या बेल्टची जबाबदारी आपलीच.

आता हिशेब

हिशेबासाठी मी काही आकडे धरतो. तुम्ही तुमच्या गॅरेजचा अंदाज घेऊन स्वतःचे आकडे घाला. बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, सील, कूलंट आणि मजुरी मिळून ९,००० रुपये धरू. पुढची पाळी चार वर्षांनी येणार, म्हणजे ४८ महिने. महिन्याला २०० रुपयांचे आवर्ती ठेव खाते काढलेत तर ४८ महिन्यांत ९,६०० रुपये जमतात, व्याज वेगळे. भाव थोडे वाढले तरी काम भागते.

आता न बदलल्यास काय? हेडचे काम ४०,००० रुपये धरू. ही रक्कम त्याच दोनशेच्या हप्त्याने जमवायची तर २०० महिने लागतील, म्हणजे सोळा वर्षे आठ महिने. हाच खर्च क्रेडिट कार्डावर टाकला आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरले, तर पहिल्याच महिन्याचे व्याज १,४०० रुपये आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी २५२ रुपये. एका महिन्यात १,६५२ रुपये गेले आणि मुद्दल जिथल्या तिथे. जे काम महिना दोनशेत होत होते, त्याच्या आठपट रक्कम नुसत्या व्याजात जाते.

बेल्टसारखे तारीख ठरलेले खर्च आणखीही आहेत. विम्याचा हप्ता, टायर, बॅटरी, प्रदूषण तपासणी. गाडीला १५ वर्षे झाली की नोंदणीचे नूतनीकरण आले, तेही पाच-पाच वर्षांसाठी. मोटारीसाठी हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले. गाडी त्याहून जुनी असेल तर सध्याचे शुल्क आरटीओत विचारून घ्या. पाच हजार रुपये साठ महिन्यांत विभागले तर महिन्याला ८४ रुपये होतात. असे सगळे खर्च एका कागदावर मांडा, प्रत्येकाला महिन्यांनी भागा आणि येईल त्या बेरजेचे एकच आवर्ती खाते काढा. पगार किंवा गल्ला जमा होईल त्याच्या दुसऱ्या दिवशी हप्ता आपोआप कापला जाईल, अशी सूचना बँकेला देऊन ठेवा.

आजच पैसे नसतील तर?

बेल्टची मुदत उलटली असेल तर आवर्ती ठेव भरेपर्यंत थांबू नका. आधी लांबचा प्रवास टाळा. बचत खात्यात रक्कम असेल तर ती वापरा. ती अपुरी असेल आणि मुदत ठेव असेल, तर ठेव मोडण्याआधी ठेवीवरील कर्जाची चौकशी करा. त्यावर बँका साधारणपणे ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त व्याज घेतात आणि ठेव शाबूत राहते. मला हे त्या वेळी कुणी सांगितले नव्हते. क्रेडिट कार्डावर किमान रक्कम भरत राहणे हा शेवटचाही पर्याय समजू नका.

जुन्या गाडीवर खर्च करावा का?

काही जण म्हणतात, गाडीची किंमत साठ हजार आणि बेल्टला नऊ हजार, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पण तुलना गाडीच्या विक्रीच्या किमतीशी करू नका. ती आणखी किती महिने वापरणार, याच्याशी करा. तीन वर्षे वापरणार असाल तर नऊ हजार म्हणजे महिन्याला २५० रुपये. तेवढ्यात दुसरी गाडी मिळत नाही. दोन-तीन महिन्यांत विकणार असाल, किंवा पत्रा गंजला आहे आणि इंजिन तेल पिते आहे, तर खर्च करू नका. मात्र घेणाऱ्याला बेल्ट बदललेला नाही हे स्पष्ट सांगा. तोही आपल्यासारखाच कुणी छोटा बचतदार असेल.

आज घरी गेल्यावर एवढेच करा. गाडीची पुस्तिका काढा आणि बेल्टची मुदत पाहा. जुनी बिले चाळून शेवटचा बेल्ट कधी बदलला ते शोधा. सापडले नाही तर या रविवारी मेकॅनिककडे जा. आणि सोमवारी शाखेत या. पासबुक आणि गाडीच्या खर्चाचा तो कागद बरोबर आणा. खाते उघडायला फार वेळ लागत नाही.

तहान लागल्यावर विहीर खणायची वेळ माझ्यावर आली, तुमच्यावर येऊ नये. यंदा गणपतीला गावी जाताना तुमची गाडी सिरा ओलांडून थेट दारात पोहोचो आणि मुलांच्या फीची ठेव बँकेत जागच्या जागी राहो.