नववर्षाचा संकल्प आणि बावीस प्रतिज्ञा
(विहाराच्या वर्धापनदिनी, कळमना, नागपूर येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



विहाराचा वर्धापनदिन आणि नवे वर्ष यंदा हातात हात घालून आले आहेत. अशा वेळी जो तो विचारतो, "मग, या वर्षी काय ठरवलं?" कोणी म्हणतो खर्रा सोडणार, कोणी म्हणतो पहाटे उठणार, कोणी म्हणतो पोरांच्या अभ्यासाकडे लक्ष देणार. पण दहा तारीख उजाडते आणि पानठेल्यावर तीच मंडळी, तोच खर्रा. हसू नका, बरं का. माणूस वाईट असतो म्हणून असे होत नाही. संकल्प करायचा कसा आणि तो सांभाळायचा कसा, हे शिकावे लागते, आणि ती शिकवण आपल्या धम्मातच आहे. त्यावर आज दोन शब्द बोलावेत, असे आम्हांला वाटते.

एक जानेवारी हे इंग्रजांचे नवे वर्ष, आपल्याला त्याचे काय, असे काही जण म्हणतात. पण आपल्या चळवळीने या दिवसांना स्वतःचा अर्थ दिलेला आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावची लढाई झाली आणि १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब त्या जयस्तंभापुढे जाऊन उभे राहिले. ३ जानेवारी १८३१ हा सावित्रीबाईंचा जन्मदिवस. दहा दिवसांत तीन दिवस आले. पहिला सांगतो, जे टाकून द्यायचे ते टाका. दुसरा सांगतो, ताठ उभे राहा. तिसरा सांगतो, पाटी-पुस्तक हाती घ्या. नव्या वर्षाला याहून वेगळे काय हवे?

आता संकल्पाचे सर्वांत मोठे उदाहरण पाहू. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. ती पुरी झाली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, आपल्या नागपुरात. मध्ये एकवीस वर्षे आणि एक दिवस गेला. या काळात ते काय करत होते? वाचत होते, तपासत होते, लोकांचे मन तयार करत होते. १९४६ साली मुंबईत कॉलेज निघाले, त्याला नाव दिले सिद्धार्थ. १९५० साली ते श्रीलंकेला गेले, १९५४ साली ब्रह्मदेशला गेले, बौद्ध देशांत धम्म कसा पाळला जातो ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले. ठरवणे एका क्षणाचे असते, पण त्यासाठी राबणे वर्षानुवर्षांचे असते, हे यातून शिकायचे.

दीक्षाभूमीवर भदन्त चंद्रमणी महास्थवीरांकडून बाबासाहेबांनी आणि माईसाहेबांनी त्रिशरण-पंचशील घेतले. मग बाबासाहेबांनी लाखो लोकांना दीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. या प्रतिज्ञांत एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. समोर लाखांचा समुदाय होता, पण प्रत्येक प्रतिज्ञा 'मी' म्हणून घ्यायची होती. मी चोरी करणार नाही, मी खोटे बोलणार नाही, मी दारू पिणार नाही, मी समता स्थापण्याचा प्रयत्न करीन, या अर्थाच्या त्या प्रतिज्ञा आहेत. आम्ही आज येथे उभे राहून 'आम्ही' म्हणत आहोत, कारण भाषणाची तशी रीत आहे. पण संकल्प 'आम्ही'चा होत नाही. 'आपल्या समाजाने व्यसन सोडले पाहिजे' असे म्हणणारा माणूस घरी जाऊन ग्लास भरू शकतो. 'मी सोडले' म्हणणाऱ्याला ती सोय राहत नाही. एकविसाव्या प्रतिज्ञेत तर आपला नवा जन्म होत आहे, असा भाव आहे. आपले खरे नवे वर्ष तेथून सुरू होते.

तुम्ही म्हणाल, घेतलेला संकल्प मोडला तर? पंचशीलातल्या प्रत्येक शीलाला शिक्षापद म्हणतात. शिक्षा म्हणजे इथे दंड नव्हे, शिकणे. शिकणारा अडखळतो, पुन्हा उठतो. म्हणूनच आपण पंचशील आयुष्यात एकदा घेऊन थांबत नाही, दर पौर्णिमेला, दर कार्यक्रमाला पुन्हा घेतो. भिक्खुसंघातही अशीच रीत आहे. तीन महिन्यांचा वर्षावास संपला की पवारणा होते. त्या दिवशी प्रत्येक भिक्खू संघाला विनंती करतो की माझे काही चुकलेले तुम्ही पाहिले असेल, ऐकले असेल, तशी शंका आली असेल, तर कृपा करून मला सांगा. ज्येष्ठ भिक्खूसुद्धा हे विचारतो. आता सांगा, आपल्यापैकी किती घरांत बाप वर्षाच्या शेवटी बायकोला आणि मुलांना असे विचारतो? विचारून पाहा. उत्तर कडू लागेल, पण औषधी असेल.

आत्मपरीक्षण कसे करावे, हे तथागतांनी आपल्या मुलाला, राहुलाला सांगितले आहे. आरसा कशासाठी, तर स्वतःला पाहण्यासाठी. तसे काया, वाचा, मनाचे प्रत्येक कर्म तीनदा पाहायचे: करण्याआधी, करताना आणि केल्यानंतर. याने मला किंवा दुसऱ्याला दुःख होईल काय? होत असेल तर थांबायचे. हा उपदेश सम्राट अशोकाला इतका मोलाचा वाटला, की राजस्थानातील बैराटच्या लेखात भिक्खू आणि उपासकांनी वारंवार ऐकावेत अशा ज्या ग्रंथांची नावे त्याने कोरली, त्यांत राहुलाला केलेला हा उपदेश आहे.

आपण कळमन्याची माणसे. बाजाराजवळ राहणाऱ्याला हिशेब काय सांगावा? वर्षातून एकदा वही पुजणारा व्यापारीसुद्धा गल्ला रोज संध्याकाळी मोजतो. वर्षाच्या शेवटी एकदम मोजू म्हणेल तर दुकान बुडेल. मग आपल्या जगण्याचा हिशेब आपण ३१ डिसेंबरसाठी का ठेवतो? आणि संत्र्याचे झाड पाहा. हिवाळ्यात बागायतदार पाणी तोडतो, झाडाला ताण देतो. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहर फुलतो आणि दिवाळीच्या आसपास फळ बाजारात येते. आज मनाला थोडा ताण द्याल, तर फळ दहा महिन्यांनी दिसेल. पंधरा दिवसांत शोधू नका.

आता कामाचे बोलू. जुलै १९४२ मध्ये नागपुरातच, सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिला परिषद झाली. तेथे बाबासाहेबांनी बायकांना स्वच्छ राहा, व्यसनांपासून दूर राहा, मुलांना शिकवा, लग्नाची घाई करू नका, असा साधा उपदेश केला. आजही यादी फारशी वेगळी नाही. म्हणून प्रत्येकाने चार गोष्टी स्वतःच्या वहीत लिहाव्यात.

एक, व्यसन. खर्रा, दारू यांवर दिवसाला पन्नास रुपये जात असतील, तर वर्षाचे १८,२५० होतात. पोत्यांखाली खांदे सोलून कमावलेले ते पैसे आहेत. त्यात पोरीची फी आणि पुस्तके निघतात की नाही, ज्याचे त्याने पाहावे.

दोन, मुलांचा अभ्यास. रोज संध्याकाळी एक तास घरात टीव्ही बंद, मोबाईल बाजूला. बापाला वाचता येत नसेल तर त्याने नुसते जवळ बसावे. दहावीनंतर पोरगा शाळा सोडून हमालीला लागतो, तेव्हा घराची आजची नड भागते, पण पुढची पिढी पुन्हा त्याच पोत्याखाली जाते.

तीन, कर्ज. लग्नात मंडप मोठा आणि मग पाच वर्षे हप्ते, हे थांबवा. बौद्ध पद्धतीचे लग्न साधेच असते, ते साधेच राहू द्या.

चार, दान. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनी मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्याला देण्याचे सांगितले. पैशाने जमत नसेल तर वेळेने द्या. दिवसाचा विसावा भाग म्हणजे एक तास बारा मिनिटे होतात. रोज नसेल, तर रविवारी तेवढा वेळ विहारात या आणि वस्तीतल्या मुलांना गणित शिकवा.

चारही जमतील असे नाही. एकच घ्या, पण 'मी' म्हणून घ्या. घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा आणि दर पौर्णिमेला त्याला विचारा, कसं चाललंय? वर्षाला बारा पौर्णिमा येतात, म्हणजे सावरायला बारा संधी आहेत. पुढच्या वर्धापनदिनी भाषण कोणी केले हे कोणाला आठवणार नाही. पण कोणाच्या घरातली बाटली गेली, कोणाची पोरगी बारावी झाली, हे सगळ्या वस्तीला दिसेल.