घुमटातले आकाश आणि अंगणातले आकाश



ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त आकाशाविषयी बोलणे काहींना विषयांतर वाटेल. परंतु ज्या माळव्यात पवारांच्या धार-देवास संस्थानांच्या आश्रयाने मराठी वस्ती पिढ्यान्‌पिढ्या नांदली, त्या भूमीचे आकाशाशी असलेले नाते येथील ग्रंथांइतकेच जुने आहे. प्राचीन गणितकारांची मध्यरेषा उज्जयिनीवरून जात असे. धारचा राजा भोज याच्या नावावर असलेल्या ‘राजमृगांक’ या करणग्रंथाचा आरंभकाल शके ९६४, म्हणजे इ. स. १०४२ हा आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंहाने उज्जैनला वेधशाळा उभारली. पुढे ती मोडकळीस आली, तेव्हा १९२३ मध्ये माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपटे हे मराठी ज्योतिर्विद तिचे पहिले अधीक्षक झाले.

त्याच १९२३ साली दूर जर्मनीत आकाश पाहण्याची एक निराळीच तऱ्हा जन्माला आली. म्यूनिकच्या डॉइचेस म्युझियमचे संस्थापक ऑस्कर फॉन मिलर यांना आपल्या संग्रहालयात फिरते आकाश हवे होते. ताऱ्यांची छिद्रे पाडलेला मोठा गोल बांधावा आणि प्रेक्षकांना त्याच्या आत बसवावे, अशी पहिली कल्पना होती. झाइस कंपनीचे वाल्थर बाउअर्सफेल्ड यांनी ती उलटी केली. घुमट स्थिर राहील, पांढरा राहील. मधोमध एक यंत्र असेल आणि तेच त्या घुमटावर तारे फेकील. या पहिल्या यंत्राने सुमारे ४,५०० तारे दाखविले. मात्र ते केवळ म्यूनिकच्या अक्षांशावरचेच आकाश दाखवू शकत होते. कोणत्याही गावाचे आकाश दाखवील असे यंत्र त्यानंतर घडले. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. तारांगणाला जगातले आकाश दाखविता येऊ लागले ते प्रत्येक गावाचे आकाश वेगळे असते हे मान्य केल्यानंतर.

महाराष्ट्रात हे यंत्र प्रथम आले ते एका शाळेत, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १८ सप्टेंबर १९५४ रोजी कुसुमबाई मोतीचंद तारांगण सुरू झाले. कोलकात्याचे बिर्ला तारांगण १९६३ चे आणि मुंबईचे नेहरू तारांगण १९७७ चे. पुण्याचे यंत्र स्पिट्झ बनावटीचे होते. अमेरिकेतील आर्मांड स्पिट्झ यांना झाइसचे अवाढव्य व महागडे यंत्र शाळांच्या आवाक्याबाहेरचे वाटले, म्हणून त्यांनी १९४७ मध्ये बारा पृष्ठांचा, बारीक छिद्रांचा, आत एकच दिवा असलेला साधा प्रक्षेपक बनविला. त्या जातीच्या यंत्राला स्वतःचा आवाज नव्हता. त्याच्याजवळ कोणीतरी उभे राहून ते फिरवावे लागे, बाणाच्या उजेडाने तारा दाखवावा लागे आणि बोलावे लागे. म्हणजे तारांगण हा मुळात एक शिक्षक आणि एक यंत्र यांचा संसार होता.

पुढच्या काळात हा संसार पालटला. १९७३ मध्ये अमेरिकेतील सॅन डिएगो येथे घुमटावर भव्य चित्रपट दाखविण्याची व्यवस्था झाली. १९८३ मध्ये त्याच देशात व्हर्जिनियाच्या विज्ञान संग्रहालयात संगणकाने आकाश रेखाटणारा प्रक्षेपक बसला. मुंबईच्या नेहरू तारांगणातही २००३ मध्ये जुन्या झाइस यंत्राची जागा संगणकीय प्रक्षेपकाने घेतली. आता घुमटाच्या आतून शनीच्या कड्यांमधून जाता येते, चंद्राच्या विवरात उतरता येते, आकाशगंगेबाहेर पडून ती तबकडीसारखी पाहता येते. मुले श्वास रोखून पाहतात. हा लाभ थोडा नाही आणि त्याला नाके मुरडणे हे अरसिकपणाचे ठरेल. जे आकाश पृथ्वीवरच्या कोणत्याही अंगणातून दिसणार नाही, ते मुलांना दाखविण्याचे सामर्थ्य आधीच्या कोणत्याही पिढीच्या शिक्षकापाशी नव्हते.

प्रश्न आहे तो याच्या पुढचा. घुमटातून बाहेर पडलेल्या मुलाला त्या रात्री स्वतःच्या गच्चीवरून ध्रुव ओळखता येतो काय? येत नसेल तर त्याने एक उत्तम चित्रपट पाहिला; आकाश पाहिले नाही. आणि शाळेने तिकिटाचे पैसे गोळा करून, पालकांच्या संमतीच्या चिठ्ठ्या घेऊन, दोनशे मुले बसमध्ये बसवून नेली ती केवळ चित्रपटासाठी होती काय?

चित्रपट आणि तारांगणाचा पाठ यांत तीन भेद आहेत. पहिला भेद अंधाराचा. माणसाच्या डोळ्यांना अंधार पूर्णपणे सरावण्यास वीस मिनिटांपासून अर्धा तास लागतो. जुना कार्यक्रम सूर्यास्तापासून सुरू होई. क्षितिजावर गावाची ओळखीची रेषा, मग हळूहळू मावळणारा उजेड, पहिली शुक्राची चांदणी, मग चार, मग चाळीस. वाट पाहिली की दिसते, हे पहिले ज्ञान मुलाला तेथे न सांगता मिळे. घुमटपट मात्र लखलखाटाने सुरू होतो आणि लखलखाटाने संपतो. डोळ्यांना थांबण्यास तो अवसरच देत नाही.

दुसरा भेद प्रश्नाचा. ध्वनिमुद्रित निवेदन कितीही भारदस्त असो, ते मुलाने हात वर केला म्हणून थांबत नाही. जयंत नारळीकर यांच्याभोवती मुले स्वाक्षरीसाठी जमत, तेव्हा ते त्यांना सांगत की पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. १९८८ मध्ये पुण्यात त्यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेल्या ‘आयुका’ने दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्याने सुरू केली, त्यामागेही हीच दृष्टी होती. २०२५ मध्ये नारळीकर गेले. मुलाचा प्रश्न हीच विज्ञानाची सुरुवात, हा त्यांनी घालून दिलेला धडा घुमटाखालीही तितकाच लागू आहे.

तिसरा भेद भाषेचा आणि गावाचा. त्यासाठी आपल्या घरातलेच उदाहरण घेऊ. सात जूनच्या सुमारास ‘मृग लागला’ असे आपण म्हणतो. शेतकरी पेरणीचा विचार करतो, आजी मृगाच्या किड्याची गोष्ट सांगते. चौकस मूल त्या रात्री आकाशात मृग शोधते आणि त्याला तो सापडत नाही. मृग तर डिसेंबरात रात्रीच्या पहिल्या प्रहरी पूर्वेला उगवलेला दिसतो. मग जूनमध्ये लागला तो कोणता? उत्तर असे की, त्या दिवसांत सूर्यच मृगाच्या तारकांजवळ असतो, म्हणून त्या तारका सूर्याबरोबरच उगवतात आणि सूर्याबरोबरच मावळतात. दिवसाच्या उजेडात त्या दिसणे शक्य नाही. खऱ्या आकाशात हे कोणालाही दाखविता येणार नाही. घुमटाखाली मात्र ते एका मिनिटाचे काम आहे. दुपारचे आकाश मांडावे, वातावरणाचा निळा उजेड काढून टाकावा, की सूर्याशेजारी मृग आणि त्याच्यामागे व्याध उभा! आजीचे वाक्य आणि गणिताचे वाक्य तेथे एक होते. परदेशात तयार झालेल्या कोणत्याही घुमटपटात हे दृश्य असणार नाही. कारण ते ज्याला सुचेल तो माणूस मृगाच्या सरींची वाट पाहणाऱ्या घरातलाच असावा लागतो.

तीच गोष्ट धार आणि देवासची. ही दोन्ही गावे कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहेत. त्यामुळे जूनच्या पहिल्या दहा-बारा दिवसांत एकदा आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा एकदा येथे मध्यान्हीचा सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. दिल्लीच्या मुलाला हे भाग्य कधीच लाभत नाही. ध्रुवाचेही तसेच. मुंबईहून तो क्षितिजापासून सुमारे १९ अंशांवर, धारहून साडेबावीस अंशांवर आणि दिल्लीहून साडेअठ्ठावीस अंशांवर दिसतो. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे दहा अंशांची असते. तेव्हा धारच्या मुलाने उत्तर क्षितिजावर दोन मुठी ठेवून वर थोडी जागा सोडावी, ध्रुव तेथे आहे. तारांगणचालकाने यंत्र धारच्या अक्षांशावर लावून एवढे एक जरी शिकविले, तरी सहल सार्थकी लागली.

नावांचाही विचार केला पाहिजे. मराठी तारानकाशांत शर्मिष्ठा, देवयानी, ययाति आणि वृषपर्वा हे शेजारी शेजारी आहेत. ग्रीकांनी तेथे आपल्या एका राजकुळाची कथा पाहिली, आपल्या अभ्यासकांनी महाभारतातले कुटुंब वसविले. गोंड समाजाला सप्तर्षींच्या चार ताऱ्यांत म्हातारीची बाज दिसते आणि उरलेल्या तिघांत ती चोरून नेणारे चोर. कार्तिकातली पौर्णिमा कृत्तिकांजवळ आणि मार्गशीर्षातली मृगशीर्षाजवळ, हे महिन्यांच्या नावांतच लिहून ठेवलेले आहे. माळव्यातले मराठी मूल शाळेत हिंदी शिकते, पुढे इंग्रजी शिकते, आणि तसे व्हायलाच हवे. परंतु ही नावे त्याला घरी कोणी सांगितली नाहीत, तर ती आकाशातून नव्हे, घरातूनच मावळतील.

मग करावे काय? राजगढचे उदाहरण घेऊ. हा शिवरायांचा राजगड नव्हे. धार जिल्ह्यातील, मोहनखेड्याच्या जैन तीर्थाजवळचा हा कसबा आहे. तेथल्या शाळेला मुंबईचे तारांगण दूरच, उज्जैनचे तारामंडळ गाठायचे तरी पुरा दिवस मोडतो. पण आता हवा भरून फुगविण्याचा घुमट शाळेच्या सभागृहातही उभा राहतो. अमेरिकेत १९७० च्या दशकात फिलिप सॅडलर यांनी ही युक्ती रूढ केली. अशा घुमटात एका वेळी एक वर्ग मावतो आणि बोलणारा माणूस मुलांच्या हाताच्या अंतरावर बसलेला असतो. शिवाय राजगढसारख्या गावाला जे वैभव आहे ते महानगराला नाही. इंदूरच्या दिव्यांनी गिळलेले तारे तेथे शेताच्या बांधावरून अजून दिसतात. ज्यांच्याजवळ भव्य घुमट आहे त्यांच्याजवळ अंधार नाही आणि ज्यांच्याजवळ अंधार आहे त्यांच्याजवळ घुमट नाही, अशी ही विभागणी आहे. शाळेने दोहोंची गाठ घालून द्यावी.

गाठ घालण्याची रीत अवघड नाही. सहलीच्या आधी मुलांनी आठ दिवस संध्याकाळी एकच चांदणी पाहून तिची जागा वहीत मांडावी. घुमटाखाली शिक्षकाने आधीच विनंती करून आपल्या गावाचे, त्याच रात्रीचे आकाश मागून घ्यावे आणि पहिली दहा मिनिटे प्रत्यक्ष बोलणाऱ्या माणसासाठी राखून ठेवावीत. घुमटपट त्यानंतर खुशाल पाहावा. परतल्यावर पहिल्या निरभ्र रात्री मुलांना मैदानात जमवावे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आणि मुंबईचे खगोल मंडळ १९८० च्या दशकापासून हौशी माणसांच्या बळावर असेच आकाश दाखवीत आली आहेत. जी शाळा उज्जैनला जाईल तिने तारामंडळाबरोबर जयसिंहाच्या वेधशाळेतही अर्धा तास द्यावा. तेथल्या नाडीवलय यंत्राच्या एका बाजूवर सहा महिने आणि दुसऱ्या बाजूवर सहा महिने ऊन पडते. विषुववृत्त म्हणजे काय हे त्या दगडाला हात लावून कळते.

आणि येथे ग्रंथालयाचे काम सुरू होते. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे व्यवसायाने शिक्षक. त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ चा. परंतु त्याआधी चार वर्षे त्यांनी सामान्य वाचकांसाठी ‘ज्योतिर्विलास’ लिहिला आणि त्याला ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे जोडनाव दिले. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे, जवळजवळ तारांगणाच्या एका खेळाइतकीच वेळ! त्या काळी घुमट नव्हता, यंत्र नव्हते. एक शिक्षक, एक पुस्तक आणि वरचे आकाश एवढ्यावर हे काम चालले. जुन्या मराठी ग्रंथालयांनी अशी पुस्तके जतन केली. आता ती मुलांच्या हाती पडतील अशा कपाटात ठेवावीत. दरमहाचा तारानकाशा सूचनाफलकावर लावावा आणि वर्षातून चार रात्री वाचनालयाची गच्ची मुलांसाठी उघडी ठेवावी. एवढ्यास मोठी देणगी लागत नाही. लागतो तो दोन घटका मुलांजवळ उभा राहून बोट वर करणारा एक माणूस, आणि असा माणूस या सभासदवर्गात निश्चित आहे.