घरची मोटार आणि रानवाट

सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनीं भंगारांतून, पायानें किक मारून सुरू होणारी चारचाकी बनविली. डिसेंबर २०२१ मध्यें तिचें कौतुक करतांनाच उद्योगपति आनंद महिंद्रा यांनीं, ही नियमबाह्य गाडी आज ना उद्यां अडविली जाईल, असेंही म्हटलें. आणि जानेवारी २०२२ मध्यें तिच्या मोबदल्यांत लोहारांस नवी बोलेरो मिळाली.

कल्पकतेला कायद्याची वेस असते ती अशी. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२ व्या कलमान्वयें नोंदणीच्या मूळ तपशिलाशीं विसंगत फेरफार करतां येत नाहीं.

मग कोयनेच्या वा वारणेच्या खोऱ्यांत सहकुटुंब मुक्कामास जाणाऱ्यानें काय करावें? गाडीची उंची वाढवूं नये, टपावर जड ओझें लादूं नये. दोहोंमुळें गुरुत्वमध्य वर सरकतो व घाटांतील वळणावर गाडी कलंडण्याचें भय वाढतें. मागचीं आसनें दुमडून वर सुटी फळी टाकावी, म्हणजे निजण्याची सोय होते. पाणी व हत्यारें फळीखालीं घट्ट बांधावीं. चिखलांत चाकांतील हवा थोडी कमी करावी. डांबरी सडकेवर येतांच ती पूर्ववत् भरावी. बंद गाडींत शेगडी कदापि पेटवूं नये. तिचा विषारी वायु झोपेंतच प्राण घेतो.

एवढ्यानें रानांतला मुक्काम सुखाचा होतो, आणि फळी काढतांच मोटार पुन्हां घरची होते.