तांबडा दिवा

जुन्नर आणि आंबेगांव या तालुक्यांत रात्रीं अंगणांत पाऊल टाकण्यापूर्वीं उजेड हवा. उसांतला बिबट्या कोठवर आला असेल, सांगतां येत नाहीं. म्हणून गोठ्याचे दिवे घरांतूनच लागावेत, अशी योजना मीं मंचरजवळच्या एका वस्तीवर आंखली. गोठ्यांत बिनतारी स्विच, घरांत तळहाताएवढा रास्पबेरी पाय ४ हा संगणक आणि त्यावर होम असिस्टंट ही प्रणाली, एवढेंच साहित्य.

प्रणाली कार्डावर उतरविली. पण 'तयारी चालू आहे' या पाटीपुढें काम सरकेना. पहिल्या वेळीं ती इंटरनेटवरून बरेंच कांहीं मागवून घेते, २० मिनिटें थांबावें लागतें, हें मला ठाऊक होतें. येथें दोन तास लोटले! मीं कार्ड पुन्हां लिहिलें, इंटरनेटला दोष दिला. आमच्यासारख्यांना दोष देण्यास तें फार सोयीचें.

घरच्या आजीबाई मात्र म्हणाल्या, "बाळा, तो तांबडा दिवा सारखा मिचकावतोय कीं." मर्म तेथेंच होतें. वीजदाब ४.६३ व्होल्टच्या खालीं गेला कीं हा दिवा विझतो. मीं मोबाइलचा जुना चार्जर लावला होता. या संगणकाला ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअरचा पुरवठा लागतो. कार्डावर लेखन चालू असतां दाब कोसळला, तर लिहिलेलें बिघडूं शकतें.

योग्य पुरवठा आणला, कार्ड तिसऱ्यांदां लिहिलें, आणि वीज जाते म्हणून जोडणी इन्व्हर्टरवर घेतली. अर्ध्या तासांत पाटी हलली. त्या रात्रीं आजीबाईंनीं आधीं गोठा उजळला, खिडकींतून नीट पाहिलें, आणि मगच कडी काढली.